येशील, ये, येऊ शकतोस

"संध्याकाळी सातच्या आत घरी येशील." आईने असं म्हटलं की ते वाक्य नेमकं काय असतं? शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे भविष्यकाळ, म्हणजे पुढे काय होणार आहे ते सांगितलंय. पण घरात वाढलेल्या कुणालाही माहितीये की ती आज्ञा आहे आणि सात म्हणजे सात. तेच रूप मैत्रिणीने वापरलं, "येशील ना उद्या?", की ती विनंती होते, जायचं की नाही ते आपल्या हातात. आणि सुट्टी संपवून गावाहून निघताना आजी पाठीवरून हात फिरवत "येशील रे, पुढच्या वर्षी नक्की येशील" म्हणते तेव्हा तो जवळजवळ आशीर्वाद असतो. क्रियापद एकच, रूपही एकच, आणि त्यात आज्ञा, मोकळीक आणि भाकीत तिन्ही बसतात.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे जॉन स्टाइनबेकची ‘ईस्ट ऑफ ईडन’ ही जाडजूड कादंबरी नेमक्या अशाच एका क्रियापदावर उभी आहे, आणि ज्यांना ती अवघड वाटते किंवा अर्धवट सोडून द्यावी लागते त्यांचं बहुतेक वेळा तिथेच अडतं, कारण मधेच हिब्रू भाषा, बायबल, चिनी म्हातारे असं काय काय येतं आणि वाटतं हे गोष्ट सोडून कुठे चाललेत. मीही पहिल्यांदा ती पानं भराभर उलटली होती. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की गोष्ट तीच आहे आणि बाकी सगळं तिच्याभोवती आहे. तर हे जमेल तेवढं सोपं करून सांगतो, मात्र शेवटापर्यंतची गोष्ट त्यात येणार, त्याला इलाज नाही.

कादंबरी 1952 मध्ये आली. स्टाइनबेक कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावचा, 1902 चा जन्म, आणि कादंबरी त्याच खोऱ्यात घडते, पूर्वेला उजळ, बोलावणारे गॅबिलन डोंगर आणि पश्चिमेला काळोखे सांता लुसिया, मधे नदी जी उन्हाळ्यात जमिनीखाली जाते. लिहिताना तो मोठ्या वहीच्या डाव्या पानावर आपल्या संपादकाला रोज पत्र लिहायचा आणि उजव्या पानावर कादंबरी. सुरुवातीला त्याला हे पुस्तक आपल्या दोन मुलांना उद्देशून लिहायचं होतं. 1951 च्या सुरुवातीला, लिहायला बसला तेव्हा मुलं साधारण सहा आणि चार वर्षांची होती, आणि त्यांच्या आईशी त्याचा घटस्फोट 1948 मध्येच झालेला होता. म्हणजे वेगळं राहणारा एक बाप आपल्या पोरांसाठी काहीतरी मागे ठेवायला बसलाय. हे डोक्यात ठेवून वाचलं की बापलेकांचे सगळे प्रसंग वेगळेच लागतात.

गोष्टीत दोन घराणी आहेत. एक हॅमिल्टन, हे स्टाइनबेकच्या आईचं खरं माहेर, आजोबा सॅम्युएल हॅमिल्टन आयर्लंडहून आलेले, नऊ मुलं, स्वतःच्या जमिनीत पाणी नाही पण दुसऱ्यांच्या विहिरी खोदून देणारा माणूस. दुसरं घराणं ट्रास्क, हे काल्पनिक, आणि मुख्य धागा त्यांचाच.

ट्रास्कांची पहिली पिढी म्हणजे सायरस, युद्धात पाय गमावलेला, पण प्रत्यक्षात लढाई जवळपास न पाहिलेला, आणि पुढे स्वतःच्या शौर्याच्या गोष्टी इतक्या सांगितलेल्या की वॉशिंग्टनमध्ये मोठ्या पदावर जाऊन बसला. त्याचे दोन मुलगे, थोरला ॲडम आणि धाकटा, सावत्र आईचा, चार्ल्स. बापाच्या वाढदिवसाला चार्ल्सने लाकडं तोडून पैसे जमवले आणि एक भारी चाकू आणून दिला. ॲडमने रानात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू दिलं. बापाने पिल्लू जवळ घेतलं, लळा लावला, आणि तो चाकू वापरताना मात्र कधी कुणाला दिसला नाही. झालं एवढंच. पण एका रात्री चार्ल्सने ॲडमला मरेस्तोवर मारलं, आणि मारताना तो विचारत होता ते त्या चाकूबद्दल, त्याच्या वाढदिवसाला मी काय दिलं होतं, त्याने ते वापरलेलं तू कधी पाहिलंस का. मग तो कुऱ्हाड घेऊन परत आला, पण तोवर ॲडम रांगत रांगत खड्ड्यात लपला होता म्हणून वाचला.

बायबल माहीत असलेल्याला इथे लगेच कळतं की ही काइन आणि आबेलची गोष्ट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आदम आणि हव्वेचे दोन मुलगे, काइन शेतकरी, आबेल मेंढपाळ. दोघांनी देवाला अर्पण आणलं, देवाने आबेलचं स्वीकारलं, काइनचं नाही, का नाही याचं कारण त्या गोष्टीत धड सांगितलेलंच नाही. काइनला राग आला, त्याने भावाला मारलं, आणि मग तो ईडनच्या पूर्वेला जाऊन राहिला, कादंबरीचं नाव तिथून आलंय. स्टाइनबेकने नावंही तशीच ठेवलीत, एका बाजूला क-च वर्गातली चार्ल्स, कॅथी, कॅल, आणि दुसऱ्या बाजूला ॲडम, ॲरन, आणि ॲरनची मैत्रीण आब्रा. चार्ल्सच्या कपाळावर व्रण आहे, कॅथीच्याही कपाळावर व्रण आहे, काइनच्या खुणेसारखा. हे जरा जास्तच ठळक होतं, मान्य, पण त्याला ते लपवायचंच नव्हतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात खोल वाटते ती या पहिल्या पिढीच्या शेवटाला आहे आणि तिच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. सायरस मरतो आणि मागे एक लाख डॉलरहून जास्त रक्कम निघते. एवढा पैसा त्याच्याकडे येणं शक्यच नाही. चार्ल्स, ज्याने बापावर जीव टाकला, तो म्हणतो की हे चोरीचे असणार. आणि ॲडम, ज्याचं बापावर कधी प्रेमच नव्हतं, तो शांतपणे म्हणतो की नाही, बाप चोर नव्हता. म्हणजे ज्याला प्रेम परत मिळालं नाही तो कायम संशयात, पुरावे तपासत बसलेला, आणि ज्याला न मागता मिळालं त्याला तपासायची गरजच पडली नाही. घराघरात हे दिसतं की नाही बघा, आईवडिलांच्या प्रत्येक शब्दाचा हिशोब कोण ठेवतं, लाडकं पोर की दुसरं?

पुढे ॲडमच्या आयुष्यात कॅथी येते. ती आधीच स्वतःच्या आईवडिलांना घरात जाळून आलेली आहे, हे त्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तो तिच्यात स्वतःच्या मनातलीच कुणीतरी बघतो, तिला घेऊन कॅलिफोर्नियात जमीन घेतो, जुळे मुलगे होतात, आणि ती त्याच्या खांद्यात गोळी घालून निघून जाते, सॅलिनासमधल्या एका वेश्याघरात केट या नावाने राहायला लागते आणि पुढे तेच घर ताब्यात घेते. ॲडम इतका खचतो की वर्षभराहून जास्त काळ मुलांना नावंसुद्धा ठेवत नाही. शेवटी सॅम्युएल हॅमिल्टन येऊन त्याला अक्षरशः मारून जागं करतो आणि बारसं होतं, कॅलेब म्हणजेच कॅल, आणि ॲरन. त्या बारशाच्या दिवशी ॲडम, सॅम्युएल आणि ॲडमचा चिनी नोकर ली असे तिघं बसून काइनची गोष्ट मोठ्याने वाचतात आणि तिच्यावर वाद घालतात. बघायला गेलं तर किती विचित्र प्रसंग, पण मला तो फार आवडतो.

आता ली. गोरे लोक त्याच्याकडून जशी मोडकी इंग्रजी अपेक्षित धरतात तशी तो मुद्दाम बोलतो, आणि प्रत्यक्षात तो त्या खोऱ्यातला सगळ्यात वाचलेला माणूस आहे. त्याच्या डोक्यात त्या गोष्टीतलं एक वाक्य अडकतं. देव काइनला म्हणतो की पाप तुझ्या दाराशी बसलंय, आणि पुढे एक क्रियापद येतं. 1611 च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ "तू त्यावर मात करशील" असा आहे. 1901 च्या अमेरिकन भाषांतरात "तू त्यावर मात कर". लीला प्रश्न पडतो की मूळ हिब्रू शब्द काय होता? तो हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या घराण्यातल्या पिकल्या म्हाताऱ्यांकडे नेतो, आणि ते वयोवृद्ध लोक चक्क हिब्रू शिकायला घेतात, एका ज्यू धर्मगुरूला सोबत घेऊन दोन वर्षं. एका क्रियापदासाठी. आणि त्यांना मिळतं ते ‘तिमशेल’, ज्याचा अर्थ ली सांगतो "तू मात करू शकतोस".

करशील, कर, करू शकतोस. यातला फरक किती मोठा आहे ते नीट बघू. "करशील" म्हटलं की ते नशीब झालं, होणारच आहे, मग मी धडपड कशाला करू, आणि नाही झालं तर भाकीत खोटं होतं, माझा काय दोष. "कर" म्हटलं की तो हुकूम झाला, केलं तर आज्ञाधारक, नाही केलं तर गुन्हेगार, पण दोन्हीकडे ठरवणारा वर बसलेला. "करू शकतोस" म्हटलं की वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपोआप जोडला जातो, की नाहीही करू शकत. आता जबाबदारी माझ्याकडे आली. ली म्हणतो की माणसाला मोठं करणारं काही असेल तर ते हेच, जनावराला हे नाही.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. हिब्रू जाणणारे सांगतात की शब्दाचा खरा उच्चार ‘तिमशोल’ आहे, आणि ते रूप असं आहे की त्यात भविष्य, आज्ञा आणि शक्यता तिन्ही अर्थ निघू शकतात, संदर्भाने ठरवायचं. म्हणजे दोन्ही जुनी भाषांतरं चुकीची आणि ली बरोबर, इतकं ते सरळ नाही. काहींना यामुळे वाटतं की कादंबरीचा पायाच डळमळीत आहे. मला नाही वाटत. मला तर उलट वाटतं की मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपलं "येशील" तेच तर करतं. आईचं "येशील" आज्ञा आहे की विश्वास आहे की मोकळीक आहे हे शब्दात लिहिलेलं नसतं, ते ऐकणारा ठरवतो, आणि तो काय ठरवतो त्यावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून असू शकतं. लीने तीन अर्थांतून एक निवडला. निवडू शकतोस हा अर्थसुद्धा त्याला निवडावाच लागला.

आता तिसरी फेरी, कॅल आणि ॲरन. ॲरन देखणा, सरळ, सगळ्यांचा लाडका. कॅल एकटा, हुशार, रात्री गावभर भटकणारा, आणि आई कोण आहे हे त्याला कळतं. त्याच्या मनात भीती बसते की आपल्यात तिचं रक्त आहे, म्हणजे आपण वाईटच निघणार. ली त्याच्यावर यावरून चिडतो, कारण रक्ताचं कारण पुढे करणं त्याला पळवाट वाटते. कॅल पुढे केटला जाऊन भेटतो आणि तिच्यासमोर उभा असताना त्याला कळतं की मी माझा आहे, मला तू व्हायची सक्ती नाही. ‘तिमशेल’चा अर्थ समजला नसला तरी या प्रसंगात तो कळतो.

मग येतो तो दिवस. त्याआधी ॲडमने बर्फात घालून सॅलडची पानं रेल्वेने न्यूयॉर्कला पाठवायचा प्रयोग केला होता, सहा डबे भरून, वाटेत उशिरावर उशीर होऊन सगळा माल सडला, पैसा गेला, गावात हसू झालं. कॅलच्या मनात ते लागलेलं. पहिलं महायुद्ध चालू आहे, धान्याचे भाव चढणार हे ओळखून तो सॅम्युएलच्या मुलाबरोबर, विल हॅमिल्टनबरोबर, घेवड्याच्या व्यवहारात पडतो, लीने आयुष्यभर साठवलेल्यातले पाच हजार डॉलर उसने घेतो, आणि कमावतो. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळे जमलेले असताना तो बापासमोर पंधरा हजार डॉलर ठेवतो, छान कागदात गुंडाळून.

आणि ॲडम ते नाकारतो. तो सैन्यभरतीच्या बोर्डावर आहे, रोज पोरांच्या नावावर सही करतो, त्यातली काही परत येत नाहीत, मग युद्धावर झालेला नफा मी कसा घेऊ. जा, ज्या शेतकऱ्यांकडून घेतलेस त्यांना परत कर. वर हेही म्हणतो की तुझ्या भावासारखं काही दिलं असतंस तर मला आनंद झाला असता.

हे पान मी वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. माझी पहिली नोकरी पुण्यात, पहिला पगार झाला तेव्हा बाबांसाठी घड्याळ घेतलं होतं, फार भारी नाही पण माझ्या त्या पगाराच्या मानाने बरंच. घरी जाऊन दिलं. त्यांनी उघडून पाहिलं, किंमत विचारली, आणि म्हणाले, "कशाला एवढा खर्च? पावती आहे ना, परत करून ये." रागाने नाही, काळजीने, माझे पैसे वाचावेत म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी सोमवारी दुकानात ते परत करताना हात जड झाले होते. त्यानंतर कितीतरी वर्षं मी घरी काही नेलंच नाही, पैसे ट्रान्सफर करायचो, वस्तू नाही. एका वाक्याने कुठली सवय लागते ते बघा, आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो.

म्हणून ॲडमचं वागणं मला चुकीचं वाटतं तरी परकं वाटत नाही. त्याचं म्हणणं नीतीच्या दृष्टीने बरोबरच आहे. युद्धातला नफा घ्यायचा नाही हा चांगला विचार आहे. पण समोर पैसे नव्हते, मुलगा होता. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट ही की नाकारलेल्या भेटीने काय होतं हे जगात कुणाला माहीत असायला हवं तर ॲडमला, चाकूवरून मार खाल्लेला तो, कुऱ्हाड घेऊन शोधणारा भाऊ त्याने खड्ड्यातून पाहिलेला. तरी त्याने तेच केलं. लोक म्हणतात पिढ्यानपिढ्या रक्तातून येतं, पण इथे रक्तातून काहीच आलेलं नाही, आलंय ते वागण्यातून. सायरसला चाकू दिसला नाही, ॲडमला मुलगा दिसला नाही. ली एके ठिकाणी ही साखळी समजावतो: मुलाची सगळ्यात मोठी भीती म्हणजे आपण नको आहोत ही, नाकारलं की राग, रागातून काहीतरी वाईट कृत्य, त्यातून अपराधीपणा, आणि मग पुन्हा सूड, पुन्हा अपराधीपणा.

त्याच रात्री कॅल ॲरनला आईच्या घरी घेऊन जातो आणि दाखवतो, ही बघ. ॲरनचं जग इतकं काचेचं होतं की ते एका झटक्यात फुटतं, तो वय खोटं सांगून सैन्यात भरती होतो. कॅल ते पैसे एकेक नोट करून जाळतो. केट आपलं सगळं ॲरनच्या नावावर करून विष घेते. मग तार येते, ॲरन युद्धात गेला, आणि ती वाचून ॲडमला झटका येतो, अंग लुळं, वाचा जवळपास गेलेली.

केटबद्दल मात्र माझी तक्रार आहे. निवडीवर एवढी मोठी कादंबरी लिहायची आणि एक बाई जन्मतःच राक्षस म्हणून दाखवायची हे पटत नाही, तिच्या वाट्याला "करू शकतेस" का नाही? लेखकालाही ते खटकलेलं दिसतं, कारण पुढे एका ठिकाणी तो स्वतःच थांबून म्हणतो की मी तिला राक्षस म्हटलं होतं, आता खात्री नाही. पण थांबून शंका घेतली तरी तिला दार काही उघडून दिलेलं नाही.

हॅमिल्टनांकडे हेच निवड-परिणामाचं गणित अजून क्रूर आहे. सॅम्युएलचा मुलगा टॉम आपल्या बहिणीच्या पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून क्षार देतो, प्रेमाने, आणि ती जाते. त्यानंतर तो स्वतःला संपवतो. इथे ना द्वेष, ना पाप, फक्त परिणाम. यावर ‘तिमशेल’कडे उत्तर नाही आणि स्टाइनबेक तसा आवही आणत नाही.

आता शेवटाकडे येतो. बहुतेक जण म्हणतात की ही कॅलच्या निवडीची गोष्ट आहे. पैसे नाकारले गेल्यानंतर ली कॅलला समजावताना म्हणतो की तुझ्या बापाचा इलाज नाही, त्याचा स्वभावच तसा आहे, पण तुझ्याकडे निवड आहे. पहिल्यांदा वाचताना मला हे एकदम पटलं होतं. आता पटत नाही. बापाकडे निवड नाही हे कुणी ठरवलं? आणि गंमत म्हणजे शेवटच्या पानांवर लीचंही मत तेच झालेलं दिसतं, कारण तो कॅलला आणि आब्राला हाताला धरून त्या खाटेपाशी नेतो आणि बोलू न शकणाऱ्या ॲडमला हात जोडल्यासारखं सांगतो की हा मुलगा अपराधाखाली दबून जाईल, याला मोकळं कर, तुझा आशीर्वाद दे. म्हणजे तो पुन्हा एकदा तेच मागतोय, भेट स्वीकार. या वेळी पैसे नाहीत, नुसता मुलगा उभा आहे. आणि ज्याला हातसुद्धा उचलता येत नाही अशा माणसापुढे लीने निवड ठेवली आहे. धडधाकट असताना जे जमलं नाही ते आता.

माझ्या बाबांनी त्या घड्याळाचा विषय बारा-तेरा वर्षांनी काढला, काहीच संबंध नसताना, चहा पिता पिता. म्हणाले, "तेव्हाचं ते घड्याळ चांगलं होतं रे. ठेवून घ्यायला हवं होतं." मी काही बोललो नाही, बोलता आलं नाही. पुढच्या खेपेला जाताना मात्र नवं घेऊन गेलो, आणि ते आता त्यांच्या मनगटावर असतं, पाच मिनिटं पुढे लावलेलं, कारण त्यांना सगळीकडे वेळेआधी पोचायचं असतं.

ॲडम धाप टाकत ओठ हलवतो, खूप वेळ काही येत नाही, आणि मग एकच शब्द येतो, तोच, तिमशेल. त्याचे डोळे मिटतात. कॅलने पुढे काय केलं, चांगला निघाला की वाईट, आब्राशी लग्न केलं का, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही, तिथे पुस्तक संपतं आणि तो अजून खाटेपाशी उभाच आहे.